आधी भिंत, मग बंदूक

1 ऑगस्ट 2024 रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथं स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा तरुण मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागलेला. जळगाव जिल्ह्यातलं आमचं पाचोरा हेही मध्य रेल्वेचंच जंक्शन. एकेकाळी इथूनच छोट्या रुळांची 'पीजे' वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जायची. गावात रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं पुष्कळ आणि त्यांना हे पदक आपल्याच घरात आल्यासारखं वाटलं. त्यातल्याच एका काकांनी मला विचारलं, "भाऊ, नातीला एक हलकी रायफल घ्यायची आहे. ऑलिंपिक राहू द्या, हौसेपुरतीच. कोणती घेऊ?"

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'छंद आणि त्याची साधनं' हा विषय दिला तेव्हा माझ्यापुढे काकांचा हा प्रश्न होताच. वरवर तो दुकानदाराला विचारायचा प्रश्न आहे. पण मी चौकशी करत गेलो तसा तो जत्रेतल्या फुग्यांपाशी गेला, कॉलेजच्या एनसीसीत गेला, कलेक्टर कचेरीत गेला, कपाशीच्या शेतात गेला आणि शेवटी एका भिंतीपाशी येऊन थांबला.

फुग्यांचा ठेला

खानदेशातल्या बहुतेक माणसांच्या हातात पहिली रायफल येते ती जत्रेत. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. पाळणे, भांड्यांची दुकानं, रसवंत्या आणि त्यांच्यामध्ये फळीवर ओळीनं लावलेले फुगे. काकांची सातवीतली नात तिथं उभी राहिली आणि तिनं मारलेले सगळे छर्रे फुग्यांच्या डाव्या बाजूनं निघून गेले. ती हिरमुसली. ठेलेवाल्यानं स्वतः बंदूक घेतली, फुग्याच्या बराच उजवीकडे नेम धरला आणि फुगा फुटला. "ताई, हिची माशी जरा कललेली आहे," तो म्हणाला. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो उभा खिळा. दिवसभर शेकडो हातांतून फिरणाऱ्या, गाडीवर आदळत-आपटत गावोगाव जाणाऱ्या बंदुकीची माशी सरळ राहणं कठीणच.

गर्दी कमी झाल्यावर त्यानं मला बंदूक उघडून दाखवली. नळी मध्यावर मोडली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्यापुढचा दट्ट्या मागे येऊन अडकतो. छर्रा नळीच्या तोंडात बसवायचा, नळी सरळ करायची. घोडा दाबला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा क्षणात दाबली जाऊन छऱ्याला ढकलते. दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचं वॉशर असतं. ते कोरडं पडलं तर हवा निसटते आणि छर्रा रेंगाळत जातो. म्हणून तो रोज सकाळी त्याला थेंबभर तेल देतो. जास्त तेल दिलं तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते आत पेट घेतं, बार मोठा होतो आणि वॉशर जळतं, हेही त्यानंच सांगितलं. छर्रा न घालता नुसताच घोडा दाबू देत नाही तो. समोर छर्रा नसेल तर हवेचा अडसर राहत नाही, दट्ट्या थेट लोखंडावर आदळतो आणि स्प्रिंगचं आयुष्य संपतं. बंदूक विकत घेणाऱ्याला जे माहीत असायला हवं, त्यातलं निम्मं मला या ठेल्यावर मिळालं.

या यंत्रात एक खोड आहे आणि 'हलकी रायफल हवी' म्हणणाऱ्यानं ती समजून घ्यायलाच हवी. घोडा दाबल्यावर छर्रा लगेच बाहेर पडत नाही. आधी स्प्रिंग सुटते, जड दट्ट्या पुढे निघतो, त्याच्या धक्क्यानं बंदूक मागे येते. दट्ट्या टोकाला पोचून थबकतो तेव्हा बंदूक पुढे ओढली जाते. हा मागेपुढे झटका बसत असताना छर्रा अजून नळीतच असतो. सगळा प्रकार सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास आटोपतो, पण तेवढ्यात नळीचं तोंड हललेलं असतं. बंदूक जितकी हलकी, तितकी ती जास्त हलते. म्हणून स्प्रिंगची बंदूक आवळून धरायची नाही. पुढचा हात उघडा ठेवून त्यावर ती नुसती टेकवायची, तिला तिच्या झटक्यानं हलू द्यायचं आणि दर वेळी त्याच जागी टेकवायचं. नवशिका नेमकं उलटं करतो. नेम चुकला की आणखी घट्ट धरतो.

हलकी म्हणजे किती?

काकांच्या मनात हलकी म्हणजे नातीला उचलता येईल एवढी. हा विचार चुकीचा नाही, पण अपुरा आहे. साध्या स्प्रिंगच्या एअर रायफली साधारण अडीच ते साडेतीन किलोंच्या असतात. 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत नियमानं जास्तीत जास्त साडेपाच किलो वजन चालतं आणि 50 मीटरच्या रायफलला आठ किलोंपर्यंत मुभा आहे. म्हणजे जगातले सगळ्यात अचूक नेमबाज जमेल तितकी जड रायफल घेतात. श्वास, नाडीचे ठोके, बोटाचा दाब यांनी जड रायफल कमी डगमगते. हलकी रायफल शरीरातली प्रत्येक हालचाल टार्गेटवर उमटवते.

मग लहान मुलांनी काय करायचं? एका प्रशिक्षकांनी सांगितलेली पद्धत मला पटली. मुलीला रिकामी रायफल खांद्याला लावून उभं करायचं. मिनिटभरात ती पाठ मागे झुकवायला लागली, कंबर पुढे काढायला लागली, तर रायफल तिच्यासाठी जड आहे. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे, हेही पाहायचं. दोन रायफली तीन-तीन किलोंच्या असतील. एकीचं वजन नळीकडे गेलेलं असेल तर ती मुलीला ओझं वाटेल, दुसरीचं हातांच्या मध्ये असेल तर ती सहज पेलेल. त्याहून महत्त्वाची दस्त्याची लांबी. कोपर काटकोनात दुमडून दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं, तर बोट घोड्यापाशी आरामात पोचलं पाहिजे. बाजारातल्या बहुतेक बंदुका मोठ्या पुरुषाच्या मापाच्या असतात. लांब दस्त्याची बंदूक घेतलेली मुलगी मान पुढे ताणते, गाल दस्त्यावर टेकत नाही, डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. लाकडी दस्ता सुताराकडून थोडा आखूड करून घेता येतो आणि मूल वाढलं की कापलेला तुकडा पुन्हा स्क्रूनं बसवता येतो. या साध्या कामानं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या दुर्बिणीनंही पडत नाही.

स्प्रिंग दाबायला लागणारं बळ हाही वजनाचाच भाग. काही बंदुका हातात हलक्या पण मोडायला इतक्या कडक असतात की बारा वर्षांच्या मुलीला त्या पोटाशी धरून ओढाव्या लागतात. तसं करताना नळी कुणाकडे वळली आहे याचं भान सुटतं. दहा छर्रे झाले की हात थरथरतात आणि थरथरत्या हातानं नेम शिकता येत नाही. ताकदीच्या आकड्याला भुलून कडक स्प्रिंग घेऊ नये, असं मी काकांना अगदी आग्रहानं सांगितलं.

एनसीसीतली टू-टू

आपल्याकडे हजारो मुलामुलींनी खरी गोळी पहिल्यांदा झाडलेली असते ती एनसीसीत, .22 म्हणजे 'टू-टू' रायफलीतून. जळगावला 18 महाराष्ट्र बटालियन आहे. पाचोऱ्याच्या शाळा-कॉलेजांतून एनसीसी केलेल्यांना अजूनही फायरिंगचा दिवस आठवतो. पहाटे रेंजवर नेणं, जमिनीवर पालथं पडणं, पंचवीस यार्डांवरचं टार्गेट, हिंदीतले हुकूम, पाच गोळ्या आणि मग सगळ्या भोकांचं 'ग्रुपिंग' मोजणं. एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, "आमच्या काळी बीएसएची रायफल असायची, चार किलोंच्या आसपासची. नंतर डीलक्स आली, पावणेतीन किलोंची. पोरं डीलक्ससाठी भांडायची. पण ग्रुपिंग जुनीवरच चांगलं यायचं."

अंजली भागवत मुंबईत कीर्ती कॉलेजात असताना एनसीसीतूनच रायफलकडे वळल्या आणि महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर संजय चक्रवर्तींकडे शिकल्या. 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या, 2002 मध्ये म्युनिकला 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरल्या. सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, रुद्रांक्ष पाटील हे सगळे त्यांच्या पुढचे. महाराष्ट्रात रायफलीची एवढी मोठी परंपरा आहे आणि ती मुंबई, पुणे, कोल्हापूर, ठाणे इथं एकवटली आहे. खानदेशातल्या पोराला पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या मिळतात आणि कॉलेज संपलं की तेही संपतं.

एनसीसीच्या आठवणीमुळे पुष्कळांना वाटतं की घरी घ्यायची तर .22 च घ्यावी. इथं थोडा हिशेब करावा लागतो. एअर रायफलच्या .177 इंची छऱ्याचं वजन अर्धा ग्रॅम. स्पर्धेतली एअर रायफल तो सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगानं सोडते, म्हणजे ताकद सात-आठ ज्यूल. .22 ची गोळी अडीच ग्रॅमहून जड आणि वेग जवळजवळ दुप्पट, म्हणून ताकद सुमारे 140 ज्यूल. तिच्या डबीवर मैल-दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. दिसायला ती करंगळीच्या पेराएवढी. पाचोऱ्याच्या एका टोकाला शेतातून सुटलेली अशी गोळी गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचू शकते. घराच्या मागे झाडायची वस्तू ती नव्हे.

कायद्यानं केलेली वाटणी

1959 च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम वाचताना मला एक गोष्ट लक्षणीय वाटली. परवाना कुणाला द्यावा हे सांगताना कायद्यानं कामाप्रमाणे बंदुका वाटून ठेवल्या आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक. पिकाच्या राखणीसाठी तोंडाकडून दारू भरायची ठासणीची बंदूक. आणि .22 रायफल किंवा एअर रायफल ही टार्गेटच्या सरावासाठी, तीही मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला. म्हणजे छोट्या रायफलीची जागा क्लबात आहे, हे कायद्यानं साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

2016 च्या शस्त्र नियमांनी एअर रायफलीची रेषा स्पष्ट केली. नळीचा व्यास .177 इंच म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि ताकद 20 ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद ठेवतो. त्यापुढची कोणतीही एअर रायफल परवान्यात येते. .22 छऱ्याची हवेची बंदूकही त्यात आली, कारण तिचा व्यास मोठा. जत्रेतल्या आणि दुकानातल्या गप्पांत 'थोडी जोरदार करून देतो' असं कुणी म्हणालं, तर तो आपल्याला गुन्ह्यात ओढतो आहे हे ओळखावं. 

परवान्याची वाट लांबची आहे. जळगावला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलिसांची चौकशी, हत्यार सुरक्षित हाताळता येतं याचं प्रमाणपत्र, वयाची एकवीस वर्षं पूर्ण. 2019 च्या दुरुस्तीनंतर साध्या नागरिकाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. निवडणूक लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची सूचना येऊ शकते. क्लबात शिकणाऱ्या मुलांसाठी मात्र नियम उदार आहेत. तिथं बारा वर्षांपासून शिकता येतं. म्हणजे काकांच्या नातीपुढे रस्ता उघडा आहे, फक्त त्या रस्त्यावर क्लब हवा.

डुकरं, रोही आणि एक चिमणी

पाचोऱ्यात एअरगनची चौकशी करणाऱ्यांत शेतकरीही आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याची शेतं, मक्याचं कणीस भरलं की रात्री रानडुकरं येतात, हरभऱ्यात रोही शिरतात. एका रात्री मी एका मळ्यात माचणावर बसलो होतो. मळेवाले आजोबा अहिराणीत म्हणाले, "छर्रानी बंदूक काय कामनी, भाऊ? डुकरले काय व्हस?" त्यांचा मुलगा मात्र एअरगन आणायचा हट्ट धरून होता. आजोबांचं खरं होतं. सात-आठ किंवा अगदी वीस ज्यूलचा छर्रा शंभर किलोंच्या डुकराला मारत नाही. तो कातडीत घुसतो, जखम चिघळते आणि चवताळलेलं जनावर पुढच्या रात्री दुसऱ्याच्या शेतात माणसावर येतं. पीक वाचत नाही, उलट एक नवं संकट तयार होतं.

शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रानडुकराला किंवा रोहीला मारता येत नाही. ही परवानगी मागायची सोय आहे, पिकाच्या नुकसानीची भरपाई मागायचीही सोय आहे. ती वेळेवर मिळत नाही ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे, आणि तिचं उत्तर छऱ्यात नाही. चाळीसगावच्या बाजूला 1986 साली जाहीर झालेलं गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं आपलं हत्यार वनखात्याकडेही नोंदवायचं असतं, हे अनेकांना माहीत नसतं.

मला जास्त काळजी वाटली ती लहान जिवांची. एअरगन घरात आली आणि समोर टार्गेट नसेल तर पोराचा नेम तारेवरच्या होल्याकडे जातो, पिंपळावरच्या पोपटाकडे जातो, लिंबावरच्या बुलबुलाकडे जातो. खोडसाळपणा म्हणून नव्हे. हातात नेम धरायचं साधन आहे आणि नेम धरायला काहीतरी हवंच असतं. हे सगळे पक्षी कायद्यानं संरक्षित आहेत. कावळ्या-उंदरांना 'उपद्रवी' ठरवणारी जुनी पाचवी अनुसूचीही 2022 च्या दुरुस्तीत गेली.

सलीम अलींची गोष्ट इथं आठवतेच. मुंबईत खेतवाडीत वाढणाऱ्या या पोराला मामांनी डेझी कंपनीची एअरगन दिली होती. त्यानं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि तो तिला घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे गेला. मिलर्डनी त्याला भुसा भरलेल्या पक्ष्यांचं कपाट उघडून दाखवलं आणि देशाला त्याचा सर्वात मोठा पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. एअरगनच्या समर्थनार्थ ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा मला वाईट वाटतं. तिथं एअरगनमुळे काही घडलं नाही, मिलर्ड भेटले म्हणून घडलं. 2021 मध्ये अरुणाचल प्रदेशानं एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू केली, कारण तिथली जंगलं पक्ष्यांविना मुकी होऊ लागली होती. लोकांनी आपणहून बंदुका आणून दिल्या. पाचोऱ्याच्या शिवारात ती वेळ यायची वाट बघू नये.

खानदेशाला बंदुकीचा इतिहास आहेच. 1819 साली वाघामागे आलेल्या जॉन स्मिथ या अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली. पीजेच्या वाटेवरच्या पहूरपासून तो डोंगर दूर नाही. 1825 मध्ये आउट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, आणि तोही वाघांचा नामांकित शिकारी. आज भुसावळजवळ वरणगावच्या आयुध निर्माणीत 1964 पासून लष्करासाठी काडतुसं बनतात. त्या इतिहासात बंदूक नेहमी कुणावर तरी रोखलेली आहे. टार्गेटची रायफल ही त्याच्यापेक्षा वेगळी, कुणालाही न दुखवणारी गोष्ट आहे आणि म्हणूनच मला ती इथं रुजायला हवी आहे.

दुकानात

काकांबरोबर दुकानात गेलो तेव्हा त्यांनी आधी सगळ्यात चकचकीत, दुर्बीण बसवलेली बंदूक हातात घेतली. मी त्यांना दुर्बीण काढून बघायला सांगितलं. शिकणाऱ्यानं आधी उघड्या साईटवर, म्हणजे मागची खाच आणि पुढची माशी जुळवून, नेम धरायला शिकावं. आपल्याकडे ओपन साईट एअर रायफलच्या वेगळ्या स्पर्धाही होत आल्या आहेत. त्यापुढची पायरी पीप साईटची. मागे बारीक भोक, पुढे गोल कडं आणि कड्याच्या मधोमध टार्गेटचा काळा ठिपका. स्प्रिंगच्या मागेपुढे झटक्यानं स्वस्त दुर्बिणी आतून खिळखिळ्या होतात, हेही एक कारण.

देशी बनावटीच्या बंदुका पूर्वीपासून मिळतात. वालचंद हिराचंदांच्या पुढाकारानं 1926 साली सुरू झालेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी सिमेंटच्या नळांसाठी प्रसिद्ध, पण तिनं एअर रायफलीही बनवल्या. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांच्या माळ्यावर आजही एखादी आयएचपी सापडते. अलीकडे प्रेसिहोलसारख्या कंपन्यांनी, ज्यांचं मूळ काम खोल आणि सरळ भोकं पाडणाऱ्या यंत्रांचं, चांगल्या नळ्या बनवायला सुरुवात केली. रायफलीचा जीव नळीत असतो. आत पिळाच्या खाचा असतात, त्या छऱ्याला फिरकी देतात. त्या सारख्या आणि गुळगुळीत असतील तरच दहा छर्रे एका जागी पडतात.

सिलिंडरमध्ये हवा दाबून ठेवणारी पीसीपी रायफल झटका देत नाही, स्पर्धेत तीच वापरतात. जर्मन कंपन्यांच्या अशा रायफली दोन-तीन लाखांच्या घरात जातात आणि साध्या देशी स्प्रिंगच्या काही हजारांत मिळतात. पीसीपी घेतली की साधारण दोनशे बार दाबानं हवा भरायची सोय लागते. सायकलचा पंप तिथं चालत नाही. पाचोऱ्यात ही सोय एकट्यानं करणं महाग पडतं, चार-पाच जणांनी मिळून केली तर परवडते.

आणखी एक केलं तर बरं, असं मी काकांना म्हणालो. बंदूक स्वस्तातली घ्या आणि छर्रे चांगले घ्या. चपट्या तोंडाचे छर्रे कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात, त्यामुळे गुण मोजता येतात. गोल तोंडाचे लांबवर सरळ जातात. टोकदार छर्रे दिसायला भेदक, अचूकपणात बहुधा मागे. प्रत्येक नळीला कुठला ना कुठला छर्रा जास्त मानवतो, म्हणून दोन-तीन प्रकारच्या डब्या आणून प्रत्येकाची दहा-दहा भोकं कागदावर पाडून बघायची. छर्रे शिशाचे असतात. ते हाताळून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही आणि छर्रे तोंडात धरायची जत्रेतली सवय तर मुलांना लागूच द्यायची नाही.

दुकानदारानं काकांना विचारलं, "चालवणार कुठे?" काका म्हणाले, "गच्चीवर." दुकानदार गप्प झाला. मी त्याचा आभारी आहे.

भिंत

छर्रा दहा मीटरांवर थांबत नाही. वरच्या कोनात सुटला तर तो दोन-तीनशे मीटर जातो. पाचोऱ्याच्या गच्च्या एकमेकींना खेटून आहेत. एका गच्चीवर पापड वाळतात, दुसरीवर पोरं पतंग उडवतात. डोळ्याला लागला तर अर्ध्या ग्रॅमचा छर्रा डोळा घेतो. म्हणून गच्ची नाही आणि कुंपणाचा पत्राही नाही, कारण कडक, सपाट पृष्ठभागावरून शिशाचे तुकडे परत उडतात. बंदूक घ्यायच्या आधी टार्गेटमागचं बघायचं. मी भेटलेल्या प्रत्येक जाणत्या माणसानं आपापल्या शब्दांत हेच सांगितलं.

काकांच्या घरी आम्ही भिंत तयार केली ती अशी. माडीखालची लांब पडवी, जिच्या शेवटी दारं-खिडक्या नाहीत. तिथं जाड लाकडी खोकं, आत जुन्या चिंध्या ठासून भरलेल्या, मागे वाळूच्या गोण्या. खोक्याच्या पुढे दोन जुन्या गोधड्या सैल टांगलेल्या. ताणून बसवलेल्या कापडातून छर्रा आरपार जातो, सैल लोंबत्या जाड कापडात त्याचा जोर मरतो. वरच्या बाजूला तुळईला एक फळी, उंच गेलेल्या छऱ्यासाठी. पडवीत येणारं मधलं दार सराव चालू असताना आतून बंद. झाडणाऱ्याच्या रेषेपुढे कुणी नाही, आणि रेषेपुढे जायचं तर आधी बंदुका उघडून खाली. घोड्यावर बोट फक्त नेम धरल्यावर. नातीनं हे नियम स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून दाराला चिकटवले. बंदूक कपाटात कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात, किल्ल्या आजीकडे.

10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेन्सिलीनं केलेल्या टिंबाएवढा. सुरुवातीला नातीचे छर्रे कागदभर विखुरले. मग आम्ही टार्गेट उलटं लावलं, कोऱ्या बाजूनं. गुण नाहीत, ठिपका नाही, फक्त दहा भोकं जवळजवळ आणायची. हा सराव मला फार आवडतो. त्यात दुसऱ्याशी स्पर्धा नाही, आपल्याच श्वासाशी आहे. श्वास अर्धा सोडून थांबायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, घोडा दाबल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. चंचल म्हणून शाळेतून तक्रारी येणारी ती मुलगी तासभर एका जागी उभी राहते, हे काकांना सगळ्यात मोठं वाटलं.

जिनिंगची शेड

पण पडवी सगळ्यांकडे नसते. एअरगन विकत मिळते, भिंत विकत मिळत नाही, आणि भिंतीविना बंदूक शेतात जाते, पाखरांकडे जाते. मला या सगळ्या शोधातून पटलेली गोष्ट हीच आहे. 'कोणती हलकी रायफल घेऊ' या प्रश्नाचं पाचोऱ्याच्या पातळीवरचं उत्तर एक रेंज हे आहे.

आणि 10 मीटरची रेंज फार मोठी गोष्ट नाही. मैदान लागत नाही, टेकडी लागत नाही. नियमाप्रमाणे एका खेळाडूला एक मीटर रुंदीची जागा, टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटर उंचीवर, टार्गेटवर किमान दीड हजार लक्स उजेड. मागे जायला-यायला धरून पंधरा-सोळा मीटर लांबीची बंदिस्त शेड पुरते. पाचोऱ्यासारख्या कापसाच्या गावात जिनिंगच्या शेडी याहून कितीतरी लांब असतात आणि हंगाम सोडून रिकाम्या पडतात. त्यातली एक जरी भाड्यानं मिळाली तरी आठ-दहा जागांची रेंज होते. तिरपा पोलादी पत्रा, जो छर्रा खाली वाळूत वळवतो. हातानं ओढायच्या दोऱ्या-चाकांवरची टार्गेटं. आणि दोन देशी रायफली, ज्या आळीपाळीनं वीस मुलं वापरतील. मग प्रत्येक घरात बंदूक आणायची गरज उरत नाही. मूल बारा वर्षांचं झालं की शिकू शकतं, त्याला मापाची रायफल मिळते, आणि तिथं कुणीतरी मोठं माणूस सतत हजर असतं. शिसं गोळा करून परत विकता येतं.

संस्था नोंदवावी लागेल, जिल्हा आणि राज्य संघटनेशी जोडून घ्यावं लागेल, पोलिसांना जागा दाखवावी लागेल, आणि आठवड्यातले ठरलेले दिवस वेळ देणारा एक प्रशिक्षक लागेल. एनसीसी केलेली, पोलिसातून किंवा सैन्यातून निवृत्त झालेली माणसं या तालुक्यात आहेत. त्यातल्या एका माजी सुभेदारांना मी विचारलं, तेव्हा त्यांनी मानधनाचं काही विचारलं नाही. शेडीची उत्तरेकडची भिंत विटांची आहे की पत्र्याची, एवढंच विचारलं.